मुलीचे एफ-१ स्टेटस गेले आहे: तिथूनच अर्ज करावा की परतीचे तिकीट काढावे?

मांजलपूरच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एम.एस. करते. जानेवारीत तिचे दुसरे सत्र सुरू झाले, फेब्रुवारीत तिला कावीळ झाली आणि १९ फेब्रुवारीला तिने तीनपैकी दोन विषय विद्यापीठाच्या पोर्टलवरून स्वतःच सोडले. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारायचे असते, हे तिच्या ध्यानातच आले नाही. नंतर सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली, तिची नोंद बंद झाल्याचा ई-मेल आला. त्यावर ०३/१२ अशी तारीख आहे आणि वडिलांना कोडे पडले आहे की ३ डिसेंबरला तर ती व्यवस्थित शिकत होती. घरी तिने हे सारे मे महिन्यात सांगितले. आता जून सुरू झाला आहे. पासपोर्टवरचा व्हिसा अजून तीन वर्षे चालणार असताना बिघडले काय, असे ते विचारतात. एक एजंट म्हणतो दुसऱ्या कॉलेजात नाव घाला, दुसरा म्हणतो पर्यटक व्हिसा करून घ्या. आणि १८० दिवस झाले की तीन वर्षांची बंदी, असे कुठेतरी वाचल्यापासून घरात कोणाला झोप नाही.

मी बडोद्यात बावीस वर्षे परदेशी शिक्षणाच्या कागदपत्रांचे काम करते. मी अमेरिकेतली वकील नाही. तुमच्या मुलीचा अर्ज तिथल्या स्थलांतर कायद्याच्या वकिलाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे, त्या फीमध्ये काटकसर करू नका. मात्र वकिलाकडे जाण्यापूर्वी प्रश्न नेमका कोणता आहे हे घरच्यांना कळले नाही, तर आठवडे वाया जातात, आणि तुमच्याकडे आठवडेच मोजके आहेत.

आधी त्या तारखेबद्दल. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ०३/१२ म्हणजे १२ मार्च. हे सांगण्यात मी वेळ घालवते आहे, कारण उलट दिशेनेही हीच चूक होते. तीन वर्षांपूर्वी एका मुलाच्या अर्जाला बडोद्याच्या प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल जोडायचा होता. त्यावर ०४/१० होते, म्हणजे आपला ४ ऑक्टोबर. तो तसाच गेला असता, तर तिथल्या अधिकाऱ्याने आजार १० एप्रिलचा धरला असता आणि ऑक्टोबरमध्ये सोडलेल्या विषयांशी त्याचा काही संबंध उरला नसता. आम्ही डॉक्टरांकडून महिना अक्षरांत लिहिलेले पत्र घेऊन ते अहवालासोबत लावले. तुमच्या मुलीच्या प्रत्येक कागदावर, प्रत्येक निवेदनात महिना अक्षरांतच लिहा.

आता मुख्य गोष्ट. पासपोर्टवरचा व्हिसा आणि देशात राहण्याचा दर्जा, ज्याला सगळे स्टेटस म्हणतात, या दोन वेगळ्या बाबी आहेत. व्हिसा विमानतळावरच्या दारापर्यंत पोचवतो. दाराच्या आत किती काळ आणि कोणत्या अटींवर राहता येते, हे आय-९४ ही प्रवेशाची नोंद आणि विद्यापीठाने दिलेला आय-२० हा पात्रतेचा दाखला यांवरून ठरते. एफ-१ विद्यार्थ्याची पहिली अट पूर्णवेळ शिक्षणाची. पदवीच्या वर्गाला ती सत्राला १२ क्रेडिटची असते आणि एम.एस.ला विद्यापीठ ठरवते, बहुतेक ठिकाणी ९. तुमच्या मुलीकडे ३ क्रेडिट उरले. त्यामुळे व्हिसाचा शिक्का जसाच्या तसा असूनही स्टेटस गेले.

यातली चुटपुट लावणारी बाब अशी की तिने विषय सोडण्यापूर्वी कार्यालयात जाऊन डॉक्टरांचा कागद दाखवला असता, तर हे सगळे नियमात बसले असते. वैद्यकीय कारणासाठी अभ्यासक्रम कमी करण्याची, गरज पडल्यास पूर्ण थांबवण्याचीही, परवानगी विद्यापीठातला नेमलेला अधिकारी देऊ शकतो. त्याला तिथे डी.एस.ओ. म्हणतात. एका पदवीच्या टप्प्यात अशी परवानगी एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळते. पण ती आधी घ्यावी लागते. आपल्या बडोद्याच्या माणसांना एक दाखला नेहमी आठवावा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी परतावे लागले, पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी मिळवून ठेवली होती. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० साली परत गेले. तुमच्या मुलीने आजारपणात ही पायरी चुकवली. मात्र तिची चूक अशी आहे की जिला डी.एस.ओ. आधी मान्यता देऊ शकला असता, आणि नियमांत नेमक्या अशाच चुकीसाठी एक वाट ठेवलेली आहे.

त्या वाटेचे नाव रीइन्स्टेटमेंट, म्हणजे गेलेले स्टेटस पूर्ववत करून घेणे. विद्यापीठ सेव्हिसमध्ये शिफारस करून नवा आय-२० देते, आणि विद्यार्थी आय-५३९ हा अर्ज यूएससीआयएस या तिथल्या स्थलांतर सेवा खात्याकडे करतो. विद्यापीठ फक्त शिफारस करते, निर्णय सरकारी अधिकाऱ्याचा असतो आणि तो त्याच्या विवेकावर आहे. या अधिकाऱ्याला पटवायचे ते असे: अर्जाच्या दिवशी स्टेटस जाऊन पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नाही, वारंवार किंवा जाणूनबुजून नियम मोडलेले नाहीत, आय-२० देणाऱ्या विद्यापीठात विद्यार्थिनी पूर्णवेळ शिकते आहे किंवा लगेच शिकणार आहे, विनापरवाना नोकरी केलेली नाही, आणि देशाबाहेर काढण्यासारखे दुसरे कोणतेही कारण नाही. याखेरीज झालेला भंग आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीने, जसे गंभीर आजाराने, झाला असे दाखवावे लागते. किंवा तो डी.एस.ओ.ला मंजूर करता आला असता अशा कमी क्रेडिटचा होता आणि आता स्टेटस परत न मिळाल्यास विद्यार्थिनीचे अतोनात नुकसान होईल, असे दाखवावे लागते. तुमच्या मुलीच्या बाबतीत ही दोन्ही कारणे लागू पडण्यासारखी आहेत. वकिलाला दोन्ही मांडायला सांगा.

पाच महिने कुठून मोजायचे, इथे बहुतेक घरे फसतात. ई-मेल १२ मार्चचा, म्हणजे १२ ऑगस्टपर्यंत वेळ आहे, असा हिशोब तुम्ही मनात केला असेल. मी तो मान्य करणार नाही. ई-मेल म्हणजे विद्यापीठाने घेतलेली दखल. नियम मोडला गेला तो १९ फेब्रुवारीला, विषय सोडले त्या क्षणी. तिथून मोजले तर मुदत १९ जुलैला संपते. या दोन तारखांत २४ दिवसांचा फरक आहे आणि सावध माणसाने आधीची, म्हणजे १९ जुलै ही तारीख धरून चालावे. अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोचेल असे काम आजपासून सुरू करा. पाच महिने उलटले तर दार बंदच होते असे नाही, पण मग उशीर असाधारण परिस्थितीमुळे झाला आणि शक्य तितक्या लवकर अर्ज केला, हे आणखी सिद्ध करावे लागते. शिवाय सेव्हिसची ३५० डॉलरची फी पुन्हा भरावी लागते. भीतीने घरी सांगितले नाही, हे कारण कोणत्याही आईवडिलांना समजेल, अधिकाऱ्याला ते असाधारण वाटणार नाही.

आता १८० दिवसांबद्दल, म्हणजे तुमची झोप उडवणाऱ्या गोष्टीबद्दल. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून जास्त झाले आणि मग माणूस देशाबाहेर पडला तर तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाले तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागते, हे खरे आहे. पण स्टेटस नसणे आणि हे दिवस मोजले जाणे यांत फरक आहे. तुमच्या मुलीच्या आय-९४ नोंदीत मुदतीच्या जागी तारीख नसून डी/एस अशी दोन अक्षरे असतील, म्हणजे स्टेटस पाळले जाईल तोवर. अशा प्रवेशावर बेकायदा वास्तव्याचे दिवस आपोआप सुरू होत नाहीत. यूएससीआयएसने एखाद्या अर्जावर निर्णय देताना भंग झाल्याचे नोंदवले किंवा स्थलांतर न्यायाधीशाने तसा आदेश दिला, की त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते सुरू होतात. २०१८ साली यूएससीआयएसने एक धोरण काढून भंगाच्या दुसऱ्या दिवसापासूनच हे दिवस मोजायला सुरुवात केली होती. नॉर्थ कॅरोलायनामधल्या संघीय न्यायालयाने २०१९ च्या मे महिन्यात ते रोखले आणि २०२० च्या फेब्रुवारीत कायमचे रद्द ठरवले. तुम्ही वाचलेला मजकूर बहुधा त्या मधल्या काळातला आहे. दरम्यान ऑगस्ट २०२५ मध्ये डी/एसच्या जागी ठराविक मुदत देण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने प्रसिद्ध केला, म्हणून मुलीला तिची आय-९४ नोंद आजच संकेतस्थळावरून काढून घ्यायला सांगा. त्या नोंदीवर डी/एस दिसले तर ती प्रत फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. तारीख दिसली तर ती तारीख वकिलाला सगळ्यांत आधी सांगा.

ही माहिती धीर देणारी असली तरी स्वस्थ बसण्याचा परवाना नव्हे. अर्ज नामंजूर झाला तर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजले जातात, त्या निर्णयावर अपील नसते, फक्त फेरविचाराची विनंती करता येते, आणि स्थलांतर न्यायालयात हजर राहण्याची नोटीसही निघू शकते. त्यामुळे अर्ज ताकदीचा नसेल तर तो न करणेच शहाणपणाचे ठरते.

ताकद ठरवणारा प्रश्न तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेला आहे: 'ती ग्रंथालयात तासावारी काम करत होती.' ती ओळ वाचून मी थांबले. विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करायची मुभा एफ-१ विद्यार्थ्यांना असते, पण ती स्टेटस असलेल्यांना. १९ फेब्रुवारीनंतर तिने त्याच टेबलावर बसून, त्याच दराने, कोणीही न हटकता काम केले असेल, तर ते विनापरवाना काम ठरू शकते, आणि रीइन्स्टेटमेंटच्या अटींतली सर्वांत कडक अट तीच आहे. कावीळ झाल्यावर तिने काम सोडले असेल, तर मार्ग मोकळा आहे. सोडले नसेल, तर हे वकिलाला पहिल्या भेटीत सांगायचे आणि परत येण्याच्या पर्यायाकडे गंभीरपणे पाहायचे. ते लपवून अर्ज करायचा नाही. पगाराच्या स्लिपा आणि करकपातीच्या नोंदी सरकारकडे असतातच, आणि अर्जातले खोटे विधान सिद्ध झाले तर अमेरिकेचे दार आयुष्यभरासाठी बंद होऊ शकते. आज दुरुस्त होण्यासारखी चूक मग कधीच दुरुस्त होत नाही.

परत येण्याचा पर्याय म्हणजे हार मानणे, अशी आपल्याकडे समजूत आहे, ती मला मान्य नाही. मुलगी भारतात येते, विद्यापीठ तिला नवा सेव्हिस क्रमांक असलेला नवा आय-२० देते, ३५० डॉलरची फी पुन्हा भरली जाते, आणि ती मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत देऊन नवा व्हिसा घेते. जुना शिक्का तांत्रिकदृष्ट्या जिवंत असला तरी बंद झालेल्या नोंदीच्या भरवशावर विमानतळावर उभे राहण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. या मार्गाचे नुकसान दोन प्रकारचे आहे. शिक्षणाशी निगडित कामाच्या परवानगीसाठी, म्हणजे सी.पी.टी. आणि ओ.पी.टी.साठी, एक पूर्ण शैक्षणिक वर्ष लागते, आणि नव्या प्रवेशानंतर ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजले जाते. तुमच्या मुलीचे एकच सत्र नीट पूर्ण झाले आहे, त्यामुळे हे नुकसान तिला तुलनेने थोडे आहे. शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्याला मी हे इतक्या सहज सांगितले नसते. दुसरे नुकसान म्हणजे मुलाखतीची अनिश्चितता. डी.एस.-१६० या व्हिसाच्या अर्जात व्हिसाच्या अटी कधी मोडल्या का, असा थेट प्रश्न असतो. त्याचे उत्तर 'हो' द्यायचे आणि दोन ओळींत कारण लिहायचे. आजाराचे कागद आणि विद्यापीठाचे ताजे पत्र हातात असले की हा 'हो' बहुधा सांभाळता येतो. 'नाही' लिहिले आणि सेव्हिसच्या पडद्यावर बंद झालेली नोंद दिसली, तर सांभाळण्यासारखे काही उरत नाही.

दोन्ही एजंटांचे सल्ले मात्र मी बाजूला ठेवते. दुसऱ्या कॉलेजात नाव घातल्याने जुना भंग पुसला जात नाही. नवे कॉलेज फार तर तिच्यासाठी रीइन्स्टेटमेंटची शिफारस करू शकते, म्हणजे परीक्षा तीच राहते, फक्त शिफारस करणारे बदलतात, आणि तेही तिला न ओळखणारे. पर्यटक दर्जात बदल मागायलासुद्धा अर्जाच्या वेळी स्टेटस शाबूत असावे लागते, आणि तिचे ते नाही. त्या अर्जाचा निकाल काय लागणार हे आजच सांगता येते.

फाइल कशी बांधायची, ते सांगते. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी वहीचा एक साधा कागद घ्यायला लावते. त्यावर दोन रकाने: डावीकडे तारीख आणि काय घडले, उजवीकडे त्या तारखेला साक्ष देणारा कागद. १० फेब्रुवारीला ताप आला, तर विद्यापीठाच्या दवाखान्यातली नोंद. १९ फेब्रुवारीला विषय सोडले, तर पोर्टलची पावती. मार्चमध्ये ई-मेल आला, तर त्याची छापील प्रत. उजवा रकाना रिकामा राहिला तिथे अर्ज कच्चा आहे. तुमच्या घरी मार्च ते मे या ओळी रिकाम्या राहतील असे मला वाटते, आणि अधिकारी नेमके तिथे बोट ठेवेल: आजार बरा होत आला, ई-मेल हातात होता, मग ही मुलगी गप्प का बसली? तिने त्या काळात डी.एस.ओ.ला एखादा मेल लिहिला असेल, उरलेल्या विषयाला हजेरी लावली असेल, समुपदेशकाकडे गेली असेल, तर त्यातली प्रत्येक नोंद शोधून काढा. काहीच नसेल, तर निवेदनात सरळ लिहू द्या की ती घाबरली होती आणि कोणाला विचारावे हे तिला कळले नाही.

वैद्यकीय कागद तिथल्या, तिला प्रत्यक्ष तपासणाऱ्या परवानाधारक डॉक्टरांचा असावा. अभ्यासक्रम कमी करण्याच्या परवानगीसाठी नियम अशाच डॉक्टरांचा किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचा कागद मागतो, म्हणून इथेही तोच सगळ्यांत वजनदार. तुमच्या रावपुऱ्यातल्या डॉक्टरांनी व्हिडिओवर दिलेला सल्ला जोडायला हरकत नाही, पण तो पूरक म्हणून. निवेदन मुलीने स्वतःच्या शब्दांत, दीड पानात लिहावे. चार पानांची निवेदने मी नेहमी कापते. त्यांत विद्यापीठाने सांगितले नाही, प्राध्यापकांनी मदत केली नाही अशी वाक्ये हमखास असतात, आणि ज्या कार्यालयाची शिफारस हवी त्याच्याच माथी दोष मारलेला असतो. पैशांचे पुरावे नव्याने लागतील. शैक्षणिक कर्ज असेल तर पुढच्या हप्त्यासाठी शाखा नावनोंदणीचा दाखला मागेल, म्हणून शाखा व्यवस्थापकांना आजच कल्पना द्या.

अर्ज गेल्यानंतर काही महिने वाट पाहावी लागते. आय-५३९ ची फी एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ४२० आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर आहे. भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. त्या महिन्यांत तिने ऑगस्टच्या सत्राला पूर्ण ९ क्रेडिट घ्यायचे, एक डॉलरचेही काम करायचे नाही आणि देश सोडायचा नाही, कारण बाहेर पडताच अर्ज सोडून दिला असे धरले जाते. घरचे लग्न असो, आजी आजारी असो, हे आधीच ठरवून ठेवा. काम नाही म्हणजे त्या सत्राचा सगळा खर्च बडोद्याहून जाणार, तोही आत्ताच मोजा.

तुमच्या पत्रातून जेवढे कळते त्यावर माझे मत असे आहे: तिने १९ फेब्रुवारीनंतर काम केले नसेल आणि डी.एस.ओ. शिफारस द्यायला तयार असेल, तर तिथूनच अर्ज करावा. यांतली एकही बाब उलटी निघाली, तर ऑगस्टच्या सत्राचा हट्ट सोडून परत यावे आणि जानेवारीच्या सत्रासाठी नवा आय-२० घ्यावा.

आज रात्री तिला फोन कराल तेव्हा दोन महिने का लपवलेस, हा प्रश्न कृपया विचारू नका. तो विचारला की मुली अर्धेच सांगतात, आणि वकिलाला पूर्ण हवे असते. ग्रंथालयात शेवटचा दिवस कोणता होता एवढे विचारा, आणि फेब्रुवारी-मार्चच्या पगाराच्या स्लिपांचे फोटो मागवा. तिच्याकडे सकाळ झाली की तिला डी.एस.ओ.कडे भेटीची वेळ मागणारा मेल लिहू द्या: तीन ओळींचा, विषयाच्या जागी रीइन्स्टेटमेंट हा शब्द, आणि खाली तिचा सेव्हिस क्रमांक. स्लिपांवरच्या तारखा मला कळवा, म्हणजे पुढचे सांगते.